लेबलचे प्रमाणपत्र एकट्या लेबलचे नसते

घरातल्या वायफायच्या राऊटरचा अडॅप्टर एकदा हातात घेऊन पाहावा. त्याच्या पोटावर नखाएवढ्या अक्षरांत काही ओळी छापलेल्या असतात. इनपुट किती व्होल्ट, आउटपुट १२ व्होल्ट, किती अँपिअर, पिनच्या आतल्या बाजूला धन की ऋण, दुहेरी इन्सुलेशनची खूण म्हणून चौकोनात चौकोन, भारतीय मानकाचा क्रमांक आणि नोंदणी क्रमांक एवढा सगळा मजकूर तेथे दाटीवाटीने बसवलेला असतो. तीच गोल पिन ५ व्होल्टच्या अडॅप्टरलाही असते आणि १२ किंवा १९ व्होल्टच्याही. पिन सगळीकडे बसते. कोणता अडॅप्टर कोणाचा, हे सांगणारी एकच गोष्ट त्या वस्तूवर असते, आणि ती म्हणजे हे लेबल. ते गळून पडले किंवा त्यावरची अक्षरे पुसली गेली, तर दोन वर्षांनी दुरुस्तीला बसलेल्या माणसाला अंदाजाने काम करावे लागते, आणि विजेच्या कामात अंदाज महागात पडतो. म्हणूनच सुरक्षिततेच्या मानकांमध्ये वायरचे इन्सुलेशन आणि फ्यूज यांच्या बरोबरीने लेबल किती टिकाऊ असावे, याचाही विचार केलेला असतो.

मी गेली काही वर्षे लेबले छापणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. या काळात ग्राहकाने सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: ‘तुमचे लेबल प्रमाणित आहे ना?’ प्रश्न योग्यच आहे, पण त्याचे होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही, हे समजण्यासाठी आधी लेबल चिकटते म्हणजे काय होते, ते पाहावे लागेल.

त्यासाठी टिकलीसारखे उदाहरण नाही. टिकलीच्या पाकिटातला कागद गुळगुळीत आणि चकचकीत असतो, कारण त्यावर सिलिकॉनचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो आणि त्यामुळे टिकली त्यावरून सहज सुटते. कपाळ कोरडे असेल तर ती दिवसभर राहते, घाम किंवा तेल असेल तर तासाभरात घसरते. रात्री काढून न्हाणीघराच्या आरशावर लावलेली टिकली मात्र महिन्याभराने नखानेही लवकर निघत नाही. डिंक तोच, टिकली तीच. बदलला तो पृष्ठभाग आणि गेला तो वेळ. दाबाने चिकटणाऱ्या लेबलांचे जवळजवळ सगळे शास्त्र या एका आरशावर मांडता येते.

लेबलची रचनाही टिकलीसारखीच असते. वर छपाईचा थर, त्याखाली कागद किंवा प्लास्टिकची फिल्म, तिच्या पाठीला डिंक आणि सर्वांत खाली सिलिकॉन लावलेला कागद, ज्याला आम्ही लायनर म्हणतो. यंत्रांच्या आणि उपकरणांच्या रेटिंग लेबलसाठी बहुधा २५ किंवा ५० मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टर फिल्म वापरतात, कारण ती पाण्याने फुगत नाही आणि उष्णतेने लवकर आक्रसत नाही. सोलून चिकटवता येणारी अशी लेबले व्यापारी प्रमाणावर प्रथम अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे स्टॅन्टन एव्हरी यांनी १९३५ साली बनवली. त्यासाठीचे १०० डॉलरचे भांडवल त्यांच्या वाग्दत्त वधूने दिले होते आणि पहिले यंत्र त्यांनी जुन्या यंत्रांचे सुटे भाग जोडून उभे केले होते.

आता डिंकाकडे वळू. पाकिटावर लावायचा डिंक वाळतो, फेव्हिकॉलमधले पाणी उडून जाते, दोन नळ्यांचा इपॉक्सी रासायनिक क्रियेने कडक होतो. लेबलचा डिंक यांपैकी काहीच करत नाही. तो कायम अर्धवट द्रव आणि अर्धवट घन अशा अवस्थेत राहतो आणि त्याची सगळी करामत या अर्धवटपणात आहे. पुरणपोळीसाठी तेलात तिंबलेली सैल कणीक हळूहळू ओढली की लांबत जाते आणि झटक्याने ओढली की तुटते. हळू ओढताना ती द्रवासारखी वागते, झटक्याला घनासारखी. लेबलचा डिंकही असाच असतो. बोटाने दाबले की तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत द्रवासारखा शिरतो आणि कोणी ओढू लागले की घनासारखा विरोध करतो. पदार्थ किती मऊ असला म्हणजे असा चिकटू शकतो, याची मर्यादा थ्रीएम कंपनीतील शास्त्रज्ञ कार्ल डाल्क्विस्ट यांनी सांगितली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एका सेकंदाच्या मापनात पदार्थाची ताठरता सुमारे ३ लाख पास्कलपेक्षा कमी असेल, तरच तो नुसत्या दाबाने चिकटतो. रबर बँड त्याहून ताठ असतो, म्हणून तो कितीही दाबला तरी भिंतीला चिकटून राहत नाही.

डिंक चांगला की वाईट, हे एका आकड्याने ठरत नाही. हलक्या स्पर्शाने तो किती चटकन पकडतो, ही एक गोष्ट. चिकटलेले लेबल सोलून काढायला किती जोर लागतो, ही दुसरी. आणि सतत ओढ असताना किंवा उष्णतेत ते जागेवरून सरकत तर नाही ना, ही तिसरी. या तिन्हींचे आपसात फारसे पटत नाही. डिंक जास्त मऊ केला तर तो चटकन पकडतो, पण उन्हात घरंगळतो आणि लेबलच्या कडेने बाहेर येऊन धूळ गोळा करतो. जुन्या लेबलांभोवती दिसणारी काळी चौकट अशीच तयार होते. उलट डिंक जास्त कडक केला तर तो सरकत नाही, पण थंडीत किंवा खडबडीत जागी तो मुळात पकडच घेत नाही. सोलण्याचा जोर मोजण्याची युरोपातील फिनाट या लेबल उद्योगाच्या संघटनेची पद्धत जगभर वापरली जाते. २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी काचेवर लावायची, २ किलोच्या रोलरने दाबायची, २० मिनिटांनी आणि पुन्हा २४ तासांनी ती १८० अंशांत उलटी दुमडून मिनिटाला ३०० मिलिमीटर या वेगाने ओढायची आणि लागलेले बल न्यूटनमध्ये नोंदवायचे. वेग ठरवून दिलेला असतो, कारण वेग वाढवला की आकडाही बहुधा वाढतो. कणकेची गोष्ट येथे पुन्हा लागू होते. २० मिनिटे आणि २४ तास हे दोन्ही आकडे घेतात, कारण डिंक खाचांत शिरायला वेळ घेतो. नुकतेच लावलेले लेबल लगेच सोलून पाहून ‘निघते आहे’ अशी तक्रार करणे म्हणूनच त्या लेबलवर अन्याय करणारे असते.

ही सगळी मापे काचेवरची आहेत, हे मात्र विसरून चालत नाही. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, थेंब मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पानावरचा मेणासारखा थर आणि त्याची सूक्ष्म खडबडीत घडण पाण्याला पसरू देत नाही. स्वच्छ काचेवर तोच थेंब पसरतो. पृष्ठभाग द्रवाला किती पसरू देतो, याच्या मापाला पृष्ठऊर्जा म्हणतात आणि डिंकाच्या दृष्टीनेही हेच माप निर्णायक ठरते, कारण जो डिंक पसरत नाही तो पकड घेऊ शकत नाही. या मापाचे एकक कारखान्यांत ‘डाइन’ या नावानेच चालते. स्वच्छ धातू आणि काच यांचे माप शेकड्यांत असते, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिके ४० च्या आसपास असतात, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन ३० च्या आसपास आणि नॉनस्टिक तव्यावरचे टेफ्लॉन २० च्याही खाली. ज्या लेबलला स्टीलवरून सोलताना ते फाटते, तेच लेबल पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यावरून आख्खे सोलून हातात येते. कॉरोना म्हणजे उच्च दाबाच्या विद्युत विसर्गाची किंवा ज्योतीची प्रक्रिया करून असे प्लास्टिक ‘जागे’ करता येते, पण तो परिणाम कालांतराने ओसरतो. म्हणून प्रक्रिया केलेला माल महिनोन्महिने गोदामात ठेवून नंतर त्यावर लेबल लावणे धोक्याचे असते.

यात आणखी दोन-तीन गोष्टींची भर पडते. प्लास्टिकचा भाग साच्यातून सुटावा म्हणून साच्यावर फवारलेले सिलिकॉन त्या भागावर राहिले, तर लायनरवर जे काम सिलिकॉन करते तेच काम ते येथेही करते आणि लेबल सुटू देते. पावसाळ्यात लेबलच्या कागदाला ओलावा लागला की तो एका बाजूने ताणला जातो आणि कोपरे उचलतात. लेबल लावताना वस्तू थंड असेल तर डिंक ताठर होतो; बहुतेक डिंकांसाठी १० अंश सेल्सिअसच्या खाली लेबल लावू नये असे उत्पादकच सांगतात. उलट बाजूला, मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्याच्या पेटीवरचे तापमान त्याहून बरेच जास्त असते आणि तेथे रबरजन्य डिंकापेक्षा ॲक्रिलिक डिंक अधिक भरवशाचा ठरतो.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. येथे पहिला गोंधळ असा होतो की वस्तूचे प्रमाणपत्र आणि लेबलचे प्रमाणपत्र एकच समजले जाते. इस्त्रीवर आयएसआय चिन्ह असते तेव्हा ते इस्त्रीबद्दल बोलत असते. चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून परवाना कोणाचा आहे, हे कोणालाही तपासता येते. पण त्या इस्त्रीच्या मानकात, म्हणजे आयएस ३०२ मध्ये, वस्तूवरच्या मजकुराने किती टिकले पाहिजे, हेही सांगितले आहे, आणि ते आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०३३५ या मानकावरूनच घेतले आहे. चाचणी इतकी साधी आहे की वाचताना आश्चर्य वाटावे. पाण्यात भिजवलेल्या कापडाने लेबल १५ सेकंद हाताने घासायचे आणि मग पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने आणखी १५ सेकंद घासायचे. नंतर अक्षरे सहज वाचता आली पाहिजेत, लेबल सहज काढता येता कामा नये आणि त्याच्या कडा मुडपलेल्या असता कामा नयेत. अडॅप्टर ज्या आयएस १३२५२ या मानकाखाली नोंदवले जात आले आहेत, त्यातही जवळपास हीच चाचणी आहे.

साध्या चाचणीलाही किती लेबले नापास होतात, हे मी रोज पाहते. मेणाच्या रिबनने, म्हणजे उष्णतेने लेबलवर शाई उतरवणाऱ्या पट्टीने, छापलेली अक्षरे पाण्याला पुरून उरतात, पण स्पिरिटचे कापड फिरताच सातव्या-आठव्या सेकंदाला कापडावर काळा पट्टा उमटतो आणि ‘२३० व्होल्ट’ मधला ३ दिसेनासा होतो. हेच अक्षर रेझिनच्या रिबनने पॉलिएस्टरवर छापले तर पंधरा सेकंदांनंतरही कापड पांढरेच राहते. दोन्ही लेबलांची फिल्म एकच, डिंक एकच, प्रिंटरही एकच असतो. फरक रिबनच्या किमतीत असतो, आणि ज्या वस्तूचा तळ वर्षानुवर्षे तेलकट हाताने हाताळला जाणार आहे तेथे हा फरक वाचवणे मला कधीच पटलेले नाही.

घासण्याची चाचणी तयार वस्तूवर होते. अमेरिकेत मात्र लेबलचीच स्वतंत्र परीक्षा घेण्याची पद्धत रूढ आहे आणि तिचे मानक यूएल ९६९ या नावाने ओळखले जाते. यूएल म्हणजे अंडररायटर्स लॅबोरेटरीज. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातील विजेच्या रोषणाईमुळे आगीचा धोका किती आहे, हे पाहण्यासाठी विमा कंपन्यांनी विल्यम हेन्री मेरिल या तरुण अभियंत्याला पाठवले होते, आणि त्यांनीच पुढे १८९४ मध्ये या संस्थेचा पाया घातला. यूएल ९६९ च्या परीक्षेत लेबलचे नमुने प्रत्यक्ष वापरातल्या पृष्ठभागांवर लावून आधी २४ तास स्थिरावू देतात. मग काही नमुने ४८ तास पाण्यात बुडवून ठेवतात, काही दमट हवेत, तर काही ठरवलेल्या कमाल तापमानाच्या भट्टीत १० दिवस ठेवतात. बाहेर किंवा थंडीत वापरायचे असेल तर त्यासाठीच्या परीक्षा वेगळ्या असतात. प्रत्येक टप्प्यानंतर अक्षरे बोटाने घासून आणि पोलादी पात्याच्या कडेने खरवडून वाचता येतात का, कडा उचलल्या का, लेबल सरकले का आणि सोलायला किती जोर लागतो, हे तपासतात. कॅनडासाठी असेच सी२२.२ क्रमांक ०.१५ हे मानक आहे.

ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर जी नोंद मिळते, ती नीट वाचली पाहिजे, कारण सगळे मर्म तेथेच आहे. नोंदीत फक्त ‘हे लेबल उत्तीर्ण’ असे वाक्य नसते. अमुक फिल्म आणि डिंक, अमुक शाई किंवा रिबन, अमुक गटातले पृष्ठभाग, कमाल आणि किमान इतके तापमान, घरात की उघड्यावर, आणि तेल, साबण किंवा इंधन यांचा अधूनमधून संपर्क चालेल की नाही, असा सगळा तपशील त्यात असतो. ही नोंद यूएलच्या ‘प्रॉडक्ट आयक्यू’ या ऑनलाइन यादीत पाहता येते. म्हणजे प्रमाणपत्र एकट्या लेबलचे नसून लेबल, छपाई, पृष्ठभाग आणि वातावरण या चौघांच्या संगतीचे असते. यांतला एक जरी बदलला तरी कागद खरा राहूनही वस्तू प्रमाणपत्राच्या बाहेर जाते. ‘तुमचे लेबल प्रमाणित आहे ना?’ या प्रश्नाला मी म्हणूनच उलट प्रश्न विचारते: कशावर लावणार, कशाने छापणार, आणि ती वस्तू कुठे ठेवली जाणार?

समुद्रमार्गे जाणाऱ्या रसायनांच्या पिंपांच्या बाबतीत हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. महाड, लोटे किंवा तारापूरच्या कारखान्यांतून न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या पिंपावर ज्वालाग्राही, विषारी किंवा क्षरणकारी असल्याच्या खुणा असतात. पिंप जहाजावरून समुद्रात पडले तर ते कशाचे आहे, हे ते सापडेल तेव्हाही कळले पाहिजे. म्हणून धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता असे सांगते की समुद्राच्या पाण्यात किमान तीन महिने राहूनही ही माहिती ओळखता आली पाहिजे. हे तपासण्यासाठी बीएस ५६०९ हे ब्रिटिश मानक वापरतात आणि त्यात नमुने खरोखरच तीन महिने समुद्राच्या पाण्याला तोंड देतात. त्याचे दोन भाग ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एका भागात कोऱ्या लेबलची परीक्षा होते आणि दुसऱ्यात छापलेल्या लेबलची. कोरा माल उत्तीर्ण आहे म्हणून त्यावर कोणत्याही रिबनने छापून चालत नाही.

त्वचेचा आणि अन्नाचा विषय आला की चिकटण्याहून वेगळीच सुरक्षितता पुढे येते. टिकलीच्या काही डिंकांतील पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल या रसायनामुळे कपाळावर पांढरे चट्टे पडल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. यंत्रासाठी उत्तम असलेला डिंक त्वचेसाठी किंवा फळासाठी योग्य असेलच असे नाही. त्यासाठीच्या मंजुऱ्या स्वतंत्र असतात आणि यूएल ९६९ ची नोंद त्याबद्दल काहीही सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका ग्राहकाने मला हे सगळे नव्याने शिकवले. ते अमेरिकेतील भारतीय घरांसाठी ११० व्होल्टवर चालणारे मिक्सर बनवत. रेटिंग लेबल आमचे होते, नोंद व्यवस्थित होती आणि कित्येक खेपा बिनतक्रार गेल्या होत्या. एका पावसाळ्यात अचानक लेबलचे कोपरे उचलले गेल्याची छायाचित्रे येऊ लागली. आम्ही आमचा डिंक तपासला, काचेवरचा आकडा नेहमीचाच आला. रोलच्या साठवणीची मुदत तपासली. असे रोल साधारण २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवले तर बहुधा दोन वर्षे चांगले राहतात, आणि हे तर सहा महिन्यांचेही नव्हते. शेवटी मी त्यांच्या जुळणीच्या ओळीवर जाऊन उभी राहिले आणि खिशातल्या डाइन पेनने मिक्सरच्या तळावर एक रेघ ओढली. या पेनातल्या शाईवर जो आकडा असतो, तेवढी किंवा त्याहून जास्त पृष्ठऊर्जा असेल तरच तिची रेघ टिकते. ३८ ची शाई रेघ म्हणून राहिलीच नाही, दोन सेकंदांत अळवावरच्या पाण्यासारखी तिचे थेंब थेंब झाले. तळ एबीएसचा नव्हता. खर्च वाचवण्यासाठी तीन महिन्यांपूर्वी तो पॉलिप्रॉपिलीनचा करण्यात आला होता, आणि लेबल हा भाग बदललेला नसल्यामुळे आम्हाला कळवावे असे कोणालाच वाटले नव्हते. आमच्या नोंदीत पॉलिप्रॉपिलीनचा उल्लेखच नव्हता.

पाठवलेला माल त्यांना परत बोलवावा लागला. पॉलिप्रॉपिलीनसाठी बनवलेला, जास्त चिकट पण तरीही उष्णतेला टिकणारा ॲक्रिलिक डिंक आम्ही निवडला, साच्यावरचा फवारा बंद करून घेतला, लेबल लावण्याआधी तळ आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसण्याची पायरी ओळीत घातली आणि त्याच तळाचे तुकडे कापून त्यांवर लावलेले नमुने पुन्हा परीक्षेला पाठवले. भट्टीतले दहा दिवस संपून नवी नोंद हातात येईपर्यंत ती ओळ बंद राहिली. आता त्या ग्राहकाच्या खरेदीपत्रावर लेबलच्या वर्णनाखाली एक जादा ओळ छापलेली असते, तळाच्या प्लास्टिकचे नाव आणि प्रत लिहिण्यासाठी, आणि ती रिकामी असेल तर आम्ही छपाई सुरू करत नाही.